खोल पाण्यातील ध्रुवतारा

अणुशक्तीवर चालणारी आणि पाण्याखालून लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रे सोडू शकणारी पहिली पाणबुडी अमेरिकेने १९५९ साली बांधली. ती कशी घडली, तिच्या मार्गात कोणत्या अडचणी आल्या आणि अशा शस्त्राबरोबर माणसावर कोणती जबाबदारी येते, हे या पाठात सांगितले आहे.

मुलांनो, घरी आणि वर्गात तुम्ही जिला ‘आबदोज’ म्हणता, तिला मराठीत ‘पाणबुडी’ म्हणतात. आज आपण अशा एका पाणबुडीची हकिकत वाचणार आहोत, जी अतिशय संहारक अस्त्रे घेऊन वर्षानुवर्षे समुद्रात फिरली, पण जिने ती अस्त्रे एकदाही कोणावर सोडली नाहीत. तुम्ही म्हणाल, मग एवढा खर्च आणि एवढे कष्ट वाया गेले! पण ज्यांनी ती बांधली, ते म्हणत, “अस्त्र सोडण्याची वेळ आली नाही, हेच तिचे यश.” हे कोडे सोडवायचे असेल, तर थोडे मागे जावे लागेल.

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, ऑगस्ट १९४५ मध्ये, अमेरिकेने जपानच्या हिरोशिमा आणि नागासाकी या शहरांवर अणुबॉम्ब टाकले. १९४९ साली सोव्हिएत रशियानेही अणुबॉम्बची चाचणी केली. दोन्ही देश एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. प्रत्यक्ष लढाई नव्हती, पण शत्रुत्व मात्र होते. या काळाला ‘शीतयुद्ध’ म्हणतात. दोघांनाही एकच भीती वाटत असे. आपली विमाने धावपट्टीवर उभी असतात. आपली क्षेपणास्त्रे जमिनीवर असतात. त्यांची जागा शत्रूला नकाशावर दिसते. उद्या त्याने अचानक हल्ला करून ती सारी नष्ट केली तर?

यावर एक उपाय सुचला. काही अस्त्रे अशा जागी ठेवावीत, जी शत्रूला सापडणारच नाही. मग पहिला वार करणाऱ्यालाही ठाऊक राहील की, उलट वार चुकणार नाही. असे ठाऊक असले म्हणजे तो पहिला वार करायला धजणार नाही. यालाच ‘धाक’ म्हणतात. आणि लपण्यासाठी समुद्राहून मोठी जागा पृथ्वीवर दुसरी कोणती आहे?

पण लपणे सोपे नव्हते. जुन्या पाणबुड्या डिझेल इंजिनावर चालत. इंजिनाला हवा लागते आणि पाण्याखाली हवा कुठून मिळणार? म्हणून पाण्याखाली त्या बॅटरीवर चालत आणि बॅटरी संपत आली की, त्यांना पृष्ठभागाजवळ यावे लागे. वर आलेली पाणबुडी शत्रूच्या नजरेस पडे. ही अडचण अणुशक्तीने दूर केली. अणुभट्टीत युरेनियमच्या अणूंचे विभाजन होते व त्यातून उष्णता निघते. त्या उष्णतेने पाण्याची वाफ होते आणि वाफेच्या जोरावर पाणबुडीचा पंखा फिरतो. या साऱ्या क्रियेला हवा लागत नाही. हायमन रिकोव्हर या नौदल अधिकाऱ्याच्या आग्रहामुळे आणि कडक शिस्तीमुळे ‘नॉटिलस’ ही पहिली अणुपाणबुडी तयार झाली. जानेवारी १९५५ मध्ये ती अणुशक्तीवर चालू लागली. ऑगस्ट १९५८ मध्ये तर ती बर्फाखालून उत्तर ध्रुवावर जाऊन पोहोचली.

पाणबुडी मिळाली, आता तिच्यात मावेल असे क्षेपणास्त्र हवे होते. सोव्हिएत रशियाने १९५५ सालीच एका पाणबुडीवरून क्षेपणास्त्र सोडून दाखवले होते. पण ती पाणबुडी डिझेलवर चालणारी होती आणि क्षेपणास्त्र सोडण्यासाठी तिला पाण्यावर यावे लागले होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या नौदलाचे प्रमुख ॲडमिरल आर्ली बर्क यांनी या कामासाठी एक खास कचेरी उघडली आणि ती रिअर ॲडमिरल विल्यम रॅबॉर्न यांच्या हाती सोपवली. बर्क यांनी त्यांना एक पत्र दिले. त्या पत्राच्या बळावर रॅबॉर्न नौदलातील कोणाचीही मदत मागू शकत होते.

सुरुवातीला नौदलाने लष्कराचे ‘ज्युपिटर’ हे क्षेपणास्त्र वापरायचे ठरवले. ते सुमारे १८ मीटर उंच होते आणि त्याचे वजन जवळजवळ ५० टन होते. त्याहून मोठी अडचण होती ती इंधनाची. त्यात केरोसीनच्या जातीचे इंधन आणि द्रवरूप ऑक्सिजन भरावा लागे. ऑक्सिजन द्रवरूप राहण्यासाठी त्याला शून्याखाली १८३ अंशांपर्यंत थंड ठेवावे लागते. जरा गळती झाली आणि एखादी ठिणगी पडली, तर? बंद पाणबुडीत आग लागली, तर पळून जायला जागा नसते. नौदलातील जाणत्या माणसांना हे पटेना.

त्यांनी दुसरी वाट धरली. आतषबाजीतील बाण तुम्ही पाहिला आहे. त्यात दारू आधीच ठासून भरलेली असते. वात पेटवली की, बाण सुटतो. आयत्या वेळी काही ओतावे लागत नाही. अशा घट्ट, कोरड्या इंधनाला ‘घन इंधन’ म्हणतात. घन इंधन सुरक्षित होते, पण त्याचा जोर कमी पडत असे. तेव्हा काही संशोधकांना आढळले की, या इंधनात ॲल्युमिनियमची भुकटी मोठ्या प्रमाणात मिसळली, तर त्याचा जोर पुष्कळ वाढतो. १९५६ च्या उन्हाळ्यात शास्त्रज्ञांची एक बैठक भरली. तिथे एडवर्ड टेलर या शास्त्रज्ञाने सांगितले की, काही वर्षांत अण्वस्त्र आजच्यापेक्षा खूप लहान आणि हलके करता येईल. अस्त्र हलके झाले की, ते वाहून नेणारे क्षेपणास्त्रही लहान होणार. डिसेंबर १९५६ मध्ये नौदलाने ‘ज्युपिटर’ सोडून दिले आणि स्वतःचे नवे क्षेपणास्त्र बनवण्यास परवानगी मिळवली. त्याचे नाव ‘पोलारिस’, म्हणजे ध्रुवतारा. यालाच तुम्ही ‘कुतुबतारा’ म्हणता. ‘पोलारिस’ची लांबी पावणेनऊ मीटरांच्या आत होती आणि वजन सुमारे १३ टन, म्हणजे ‘ज्युपिटर’च्या एकचतुर्थांश. त्याचा पल्ला मात्र सुमारे २,२०० किलोमीटर होता.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने ‘स्पुटनिक’ हा जगातील पहिला कृत्रिम उपग्रह आकाशात सोडला. उपग्रह सोडू शकणारा देश दूरवर क्षेपणास्त्रही टाकू शकतो, हे अमेरिकेने ओळखले. जे काम १९६३ पर्यंत करायचे होते, ते आता १९६० मध्येच पुरे करायचे ठरले.

काम प्रचंड होते. हजारो कारखाने, हजारो सुटे भाग आणि वेळ थोडा. कोणते काम आधी आणि कोणते नंतर, याचा हिशेब कसा ठेवायचा? यासाठी १९५८ साली रॅबॉर्न यांच्या कचेरीत एक नवी पद्धत तयार झाली. तिला ‘पर्ट’ म्हणतात. ती समजायला अवघड नाही. समजा, उद्या ईद आहे आणि तुमच्या घरी अनेक कामे आहेत. शेवया भाजायच्या, सुका मेवा कापायचा, दूध आटवायचे, शिंप्याकडून कपडे आणायचे, घर पुसायचे. एकाने मेवा कापताना दुसऱ्याने घर पुसले, तर चालते. पण दूध आल्याशिवाय शीरखुर्मा होत नाही. बाकी सारी कामे वेळेवर झाली आणि दूध उशिरा आले, तर शीरखुर्माही उशिरा होणार. म्हणून हुशार गृहिणी आधी दुधाची सोय बघते. ‘पर्ट’मध्ये सारी कामे कागदावर रेषांनी जोडून मांडतात आणि कोणत्या कामावर सगळे अडून राहील, ते शोधतात. पुढे धरणे, पूल आणि कारखाने बांधतानाही ही पद्धत वापरात आली.

नवी पाणबुडी पहिल्यापासून आखायला वेळ नव्हता. ग्रोटन या गावच्या गोदीत ‘स्कॉर्पियन’ नावाच्या अणुपाणबुडीचे काम नुकतेच सुरू झाले होते. तिचाच सांगाडा वापरायचे ठरले. पुढचा आणि मागचा भाग तोच ठेवून, मध्ये सुमारे ४० मीटर लांबीचा नवा भाग बसवण्यात आला. या भागात प्रत्येकी ८ नळकांड्यांच्या दोन ओळी होत्या. एका नळकांड्यात एक, याप्रमाणे १६ क्षेपणास्त्रे मावत. त्या उंच नळकांड्यांमधून चालताना झाडांच्या दाटीतून चालल्यासारखे वाटे. म्हणून खलाशी त्या भागाला थट्टेने ‘शेरवुडचे जंगल’ म्हणत. पाणबुडीचे नाव बदलून ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ ठेवले गेले. तिची लांबी सुमारे ११६ मीटर होती. ९ जून १९५९ रोजी तिचे जलावतरण झाले आणि ३० डिसेंबर १९५९ रोजी ती नौदलात दाखल झाली.

तरी दोन प्रश्न उरलेच होते. पहिला प्रश्न असा की, पाण्याखाली क्षेपणास्त्र पेटवायचे कसे? आतच पेटवले, तर पाणबुडीलाच धोका. यावर तोड निघाली ती अशी : नळकांड्यात दाबून भरलेली हवा एकदम सोडायची. तिच्या धक्क्याने क्षेपणास्त्र पाण्यातून वर फेकले जाते आणि पाण्याबाहेर आल्यावर त्याचे इंजिन पेटते.

दुसरा प्रश्न याहून नाजूक होता. नेम धरणाऱ्याला आपण कुठे उभे आहोत, हे आधी कळले पाहिजे. खोल पाण्यात ना तारे दिसतात, ना किनारा. तुमचा ‘कुतुबनुमा’, म्हणजे होकायंत्र, फक्त दिशा सांगते, ठिकाण सांगत नाही. म्हणून वेगाने फिरणाऱ्या भोवऱ्यांचा उपयोग करणारे एक यंत्र पाणबुडीत बसवले गेले. भोवरा जोरात फिरत असला की, आपला आस सहसा बदलत नाही, हे तुम्ही खेळताना पाहिले असेल. पाणबुडी किती वळली, किती वेगाने पुढे गेली, याची हे यंत्र क्षणोक्षणी नोंद ठेवी आणि त्यावरून ती कुठे आहे, ते सांगे.

‘पोलारिस’च्या चाचण्या १९५८ मध्ये सुरू झाल्या. पहिली काही उड्डाणे फसली. पण प्रत्येक अपयशाचे कारण शोधून दुरुस्ती केली गेली आणि एप्रिल १९५९ मध्ये पहिले पूर्ण यश आले. मग तो दिवस उजाडला. २० जुलै १९६० रोजी फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ पाण्याखाली गेली. रॅबॉर्न स्वतः आत होते. थोड्या वेळाने शांत पाणी फुटले, क्षेपणास्त्र वर आले, पेटले आणि आकाशात दिसेनासे झाले. दोन तासांच्या आत दुसरेही सुटले. ‘पाण्यातून निघालेले अस्त्र ठरल्या जागी पोहोचले’, अशा आशयाचा संदेश राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना लगेच पाठवण्यात आला.

१५ नोव्हेंबर १९६० रोजी ही पाणबुडी १६ क्षेपणास्त्रे घेऊन पहिल्या गस्तीवर निघाली. ती ६६ दिवस पाण्याखाली होती. आतील शंभराहून अधिक माणसांनी या काळात ना सूर्य पाहिला, ना चंद्र. हवा यंत्राने शुद्ध केली जाई, समुद्राचे पाणी गोडे करून प्यायले जाई. घरून आलेला छोटासा निरोप रेडिओवर मिळे, पण उत्तर पाठवता येत नसे. कारण उत्तर पाठवले की, पाणबुडीचा ठावठिकाणा उघड होण्याची भीती! पाणबुडी दमत नव्हती, माणसे दमत होती. म्हणून प्रत्येक पाणबुडीला दोन तुकड्या नेमलेल्या असत. एकीचे नाव ‘निळी’ आणि दुसरीचे ‘सोनेरी’. एक तुकडी समुद्रात असताना दुसरी घरी विश्रांती घेई आणि शिकत राही.

या जातीच्या एकूण पाच पाणबुड्या झाल्या. सोव्हिएत रशियाही मागे राहिला नाही. पण तिथे घाईची मोठी किंमत मोजावी लागली. ४ जुलै १९६१ रोजी ‘के-१९’ या सोव्हिएत अणुपाणबुडीच्या भट्टीला थंड ठेवणारी यंत्रणा निकामी झाली. भट्टी तापतच चालली. तेव्हा काही खलाशी घातक किरणांची पर्वा न करता भट्टीजवळ गेले आणि त्यांनी पाणी पोहोचवण्यासाठी नवी नळी जोडली. बाकीचे सहकारी वाचले. पण त्यांतील आठ जण काही आठवड्यांतच मरण पावले. खलाशी कोणत्या देशाचे होते, हा विचार क्षणभर बाजूला ठेवा. त्यांच्या त्यागापुढे आपले मस्तक नमते.

आता पुन्हा आपल्या कोड्याकडे वळू. ‘पोलारिस’च्या एका अस्त्राची शक्ती हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे ४० पट होती आणि पाणबुडीत अशी १६ अस्त्रे होती. ती कधीच सुटली नाहीत. सुटली असती, तर लाखो निरपराध माणसे, स्त्रिया आणि मुले क्षणात नाहीशी झाली असती. धाकामुळे युद्ध टळले, असे पुष्कळ लोक मानतात. काही लोक म्हणतात, “भीतीवर उभी असलेली शांतता खरी शांतता नव्हे. एखाद्या दिवशी चूक झाली तर?” या दुसऱ्या प्रश्नाकडेही आपण डोळेझाक करू नये.

चूक कशी होते, याचे उदाहरण याच पाणबुडीच्या आयुष्यात आहे. ९ एप्रिल १९८१ रोजी पूर्व चीन समुद्रात ती पाण्यावर येत असताना ‘निशो मारू’ या जपानी मालवाहू जहाजाला धडकली. जहाज थोड्याच वेळात बुडाले. तेरा जण वाचले, पण जहाजाचा कप्तान आणि त्याचा पहिला सहायक हे दोघे बुडून मेले. विचार करा, ज्या पाणबुडीच्या क्षेपणास्त्रांनी कोणाचा जीव घेतला नाही, तिच्या एका चुकीने दोन साध्या दर्यावर्द्यांचा जीव गेला. यंत्र कितीही अचूक असो, ते चालवणारा अखेर माणूसच असतो.

२४ जानेवारी १९८५ रोजी ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ सेवेतून निवृत्त झाली. तिच्या माथ्यावरचा मनोरा ग्रोटनच्या पाणबुडी संग्रहालयात ठेवलेला आहे. जिथे ती जन्मली, त्याच गावी तिची ही खूण उरली आहे.

आपल्या देशानेही अशी पाणबुडी बांधली आहे. तिचे नाव ‘अरिहंत’. २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणम येथे तिचे जलावतरण झाले आणि २०१६ साली ती नौदलात आली. २०२४ मध्ये तिच्या जातीची ‘अरिघात’ ही दुसरी पाणबुडीही दाखल झाली. तिच्या अणुभट्टीच्या कामात आपल्या मुंबईतील तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राचा मोठा वाटा आहे. भारतीय क्षेपणास्त्रांचा पाया घालणारे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम हे रामेश्वरमच्या एका नाववाल्याचे पुत्र होते, हे तुम्हांला ठाऊक असेलच. भारताने २००३ साली आपले धोरण जाहीर केले. आपण होऊन प्रथम अण्वस्त्र वापरायचे नाही, असे त्यात म्हटले आहे.

मुलांनो, ज्या अणूने पाणबुडी चालते, त्याच अणूपासून तारापूरला वीज तयार होते आणि रुग्णालयात कर्करोगावर उपचार होतात. अणू चांगला नाही आणि वाईटही नाही. तो माणसाचे ऐकतो. उद्या तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी नौदलात जाईल. पाण्यातून क्षेपणास्त्र वर कसे फेकावे, हे माणसाला चार वर्षांत शिकता आले. हातात एवढी शक्ती असताना हात आवरून धरणे मात्र त्याला रोज नव्याने शिकावे लागते. हे शिक्षण कोणत्याही गोदीत मिळत नाही. ते घरात आणि शाळेत मिळते.

शब्दार्थ

पाणबुडी – आबदोज
नौदल – समुद्रावरील सैन्य, बहरिया
अणुशक्ती – जौहरी तवानाई
संहारक – फार मोठा नाश करणारे
धजणे – हिंमत करणे
पल्ला – जाऊन पोहोचण्याचे अंतर
जलावतरण – नवे जहाज प्रथम पाण्यात सोडणे
गोदी – जहाजे बांधण्याची किंवा दुरुस्त करण्याची जागा
गस्त – पहाऱ्यासाठी घातलेली फेरी, गश्त
निकामी – काम न देणारी, बिघडलेली
निरपराध – ज्याचा काही गुन्हा नाही असा, बेकसूर
डोळेझाक करणे – पाहूनही न पाहिल्यासारखे करणे
दर्यावर्दी – समुद्रावर प्रवास करणारा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘पोलारिस’ या नावाचा अर्थ काय?
(आ) ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ पहिल्या गस्तीत किती दिवस पाण्याखाली होती?
(इ) भारताच्या पहिल्या क्षेपणास्त्रवाहू अणुपाणबुडीचे नाव काय?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) डिझेलवर चालणाऱ्या पाणबुडीला वरचेवर पृष्ठभागाजवळ का यावे लागे?
(आ) नौदलाने ‘ज्युपिटर’ क्षेपणास्त्र का नाकारले?
(इ) प्रत्येक पाणबुडीला दोन तुकड्या का नेमलेल्या असत?

३. कारणे द्या.
(अ) खलाशांना घरच्या निरोपाचे उत्तर पाठवता येत नसे.
(आ) क्षेपणास्त्राचे इंजिन पाण्याबाहेर आल्यावर पेटवत.

४. “भीतीवर उभी असलेली शांतता खरी शांतता नव्हे.” या विधानाविषयी तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.

५. ‘खलाशी, गस्त, हवा, जहाज’ हे शब्द मराठीत आणि उर्दूत दोन्हीकडे आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधा व त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : तुमच्या घरातील एखाद्या समारंभाची सर्व कामे कागदावर लिहा. कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे, ते रेषांनी जोडून दाखवा.